मावशीचा सव्वा महिना

मावशी तान्ह्या बाळाला कधी अरेतुरे करत नसे. घरातल्या आजोबांना ती "सरक रे बाबा, दार लाव, वारा येतो" म्हणायची; पण पायावर घेतलेल्या सहा दिवसांच्या बाळाला मात्र, "या शेट, बसा. आज तुमच्या पाठीला तेल लावायचं हाय." शेट रडून घर डोक्यावर घेत. मग मावशी म्हणायची, "तुमचं बरोबर हाय, पन आमचं काम आमाला करू द्या."

ती देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली. आपटा गावाहून पहिल्या एसटीने यायची आणि पनवेलच्या खांदा कॉलनीतली बाळं न्हाऊ घालायची. मी तिच्या हाताखाली. पाणी तापवणं, धुरी करणं, बाळंतिणीची पाठ शेकणं ही माझी कामं. मला चार माणसांत बोलता येत नाही. मावशीला ते चालायचं. "दोगी बोलल्या तर बालानं कुनाचं ऐकायचं?" म्हणायची.

तिचा नियम एकच. हातात घेतलेलं बाळ सव्वा महिना भरल्याशिवाय सोडायचं नाही. एकदा पाय मुरगळला, तर रिक्षाने आली आणि तीन मजले बसत बसत चढली. मी रागावले तर म्हणाली, "अर्धी थापलेली भाकर कोन टाकून जातं गो?"

तिची एकुलती एक लेक सुरेखा लग्न होऊन दुबईला होती. जावई तिथे एसी दुरुस्त करतात. सहा वर्षांत मूल नव्हतं, आणि मावशीने लेकीचं घरही पाहिलं नव्हतं. अशात, मावशीनेच लहानपणी न्हाऊ घातलेली कॉलनीतली एक मुलगी दुबईत बाळंत झाली. तिची आई व्हिसाचा कागद घेऊन आली. म्हणाली, "तिकीट आमचं. बाळाला न्हाऊ घाला, लेकीलाही भेटाल. विमानतळावर विचारलं तर फिरायला आले म्हणायचं."

मावशीने कागद माझ्या हातात दिला. तिला अक्षरओळख नव्हती आणि मी चौथी शिकलेली. कागद इंग्रजी होता, मला आकडा तेवढा कळला.

"तीस दिवस लिहिलंय," मी म्हणाले. "सव्वा महिना भरत नाही."

बाई हसल्या. "अगं, तिकडे वाढवून मिळतं."

फिरायच्या व्हिसावर काम चालतं का, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण त्या खुर्चीवर होत्या आणि मी खाली बसले होते. विचारलं नाही. ते अजून टोचतं.

तिकडे एका बाळाची तीन बाळं झाली. शेजारणी बोलवू लागल्या. तीस दिवस संपले, व्हिसा कुणी वाढवला नाही. सुरेखा रोज सांगायची, "आये, जा आता परत, पकडतील तुला."

"तिसऱ्याचे अजून बारा दिस हायत," मावशीचं उत्तर.

कुणीतरी तक्रार केली. अधिकारी आले तेव्हा ती न्हाणीघरात पाय पसरून बसली होती आणि पायावर बाळ होतं. घरच्यांनी पढवलं होतं, बाळाची आत्या आहे, भेटायला आले, असं सांगायचं. एकाने हिंदीत विचारलं, इथे काय करता?

"दिसत नाय का? न्हाऊ घालते. दार लावा."

परत आल्यावर मी विचारलं, "मावशी, एवढं एक खोटं बोलायला काय झालं होतं?"

"पायावर बाल होतं गो."

तिला परत पाठवलं आणि त्या देशात पुन्हा येता येणार नाही असं सांगितलं. नेणारे दंड भरून सुटले. वर्षभराने सुरेखाला दिवस गेले. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून बजावलं, म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणंही राहिलं. मावशीने ते ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. कॉलनीतली कितीतरी पोरं तिच्या पायावर वाढली, आणि स्वतःच्या नातवंडापाशी तिला जायची बंदी.

मी धीर करून म्हणाले, "मी जाऊ?"

"फिरायला म्हनून? नको गो बाय. चुकले ती मी एकटी पुरे."

सातव्या महिन्यात जावई दहा दिवसांच्या सुट्टीवर आले. तिसऱ्या दिवशी मावशी त्यांना घेऊन कॉलनीत हजर. तिथल्या एका बाळाला आम्ही तेव्हा न्हाऊ घालत होतो, त्याच्या आईला विचारून ठेवलं होतं. ती तोंडाला पदर लावून हसत होती. मोरीत पाटावर जावई, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय काठीसारखे ताठ.

"आई, निसटलं तर?"

"सातव्या माल्यावर एसी धरताव ना? ह्ये चार किलो बी नाय. मान धरा, मान! जावई तुमी घरी. इथं मी सांगन तसं करायचं."

बाळाने त्यांच्या शर्टावर धार सोडली. "शेटनी पास केलं," मावशी म्हणाली. अशी सात दिवस शिकवणी चालली.

मुलगी झाली. आंघोळीच्या वेळी रोज फोन यायचा. मावशी बोलायची नाही, कान लावून नुसतं रडणं ऐकायची. मध्येच सांगायची, "पानी ऊन झालं. गार घाला जरा." आणि खरंच रडणं उतरायचं.

सव्वा महिना भरला की न्हाऊ घालणारीला साडी देऊन तिची ओटी भरतात. तो दिवस आला तशी मावशी मला घेऊन पनवेलच्या बाजारात गेली आणि शर्टाचं कापड मागितलं.

"जावयाला का मावशी?" दुकानदाराने विचारलं.

"नाय. माज्या नातीला न्हाऊ घालनाऱ्याला," ती म्हणाली. "चांगल्यातलं काड. त्याचा एक दिस चुकला नाय."