सिल्वासाहून खानवेलमार्गे इजिप्त

इजिप्तला जायचं म्हणजे लोक व्हिसा काढतात, उन्हाच्या टोप्या घेतात, पिरॅमिडपुढे उडी मारतानाचा फोटो कसा काढायचा याचा सराव करतात. आम्ही गाडीची डिकी रिकामी केली आणि दोन कापडी पिशव्या घेतल्या. आमचं इजिप्त खानवेलच्या बाजारात मिळतं का, ते आधी बघायचं होतं.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. मी मूळची जळगावची, लग्न करून सिल्वासाला आले ती इथलीच झाले. आमचे हे सुताच्या कारखान्यात मेंटेनन्सला. काही वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना मशिनं उभी करायला इजिप्तला पाठवलं, अलेक्झांड्रियाजवळच्या एका गावात. दोन वर्षं राहून परत आले, पण शरीराने फक्त. तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात 'इजिप्तकर' म्हणते. इथल्या रस्त्याला खड्डा लागला की 'तिकडे असं नाही', पाऊस आला की 'तिकडे असं नाही', आणि मी पोहे पुढे ठेवले की एक उसासा. तो उसासा 'फुल मुदम्मस'साठी असतो.

फुल म्हणजे बाकला नावाच्या कडधान्याचे जाड दाणे. सुरईसारख्या अरुंद तोंडाच्या भांड्यात रात्रभर मंद आचेवर शिजवायचे, सकाळी घोटायचे, वर जिरं, लसूण, लिंबू, तेल घालायचं आणि गरम रोटीने टिपून खायचं. झालं. थोडक्यात उसळीचा लगदा. पण आमचे हे पक्के शाकाहारी, परक्या मुलखात उपाशी मरायची वेळ आली तेव्हा ज्या घराच्या माडीवर ते राहायचे त्या घरच्या बाई रोज सकाळी न विसरता एक वाडगा वर पाठवायच्या. त्यांचा मुलगा हानी, यांच्याबरोबर कारखान्यात काम करणारा. 'हानीच्या आईच्या हाताचं फुल' हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की न बघितलेल्या त्या बाईचा मला चक्क राग यायचा. मी काय आयुष्यभर दगड शिजवले?

गेल्या वर्षी त्या गेल्या. फोन आला त्या दिवशी हे बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसले होते. मी दार वाजवलं नाही.

आणि आता हानी मशिनं बघायला सिल्वासाला येणार होता. यांनी त्याला फोनवर सांगून टाकलं, "नाश्ता माझ्या घरी. फुल मी करणार." मी म्हटलं, अहो, पालकपनीर करू, पुरणपोळी करू. तर म्हणाले, "त्याच्या आईने दोन वर्षं मला जे खाऊ घातलं, ते एकदा मला त्याच्यापुढे ठेवायचंय. बाकी काही नको." उभ्या जन्मात चहा न केलेला माणूस हे बोलत होता. पण डोळे भरले होते, म्हणून मी पुरणपोळीचं नाव सोडलं.

शनिवारी खानवेल. सिल्वासाहून निघालात की कारखाने हळूहळू मागे पडतात आणि दोन्ही बाजूंनी सागाची झाडं सुरू होतात. रस्ता बरा आहे. मात्र वळणावर समोरून बस आली तर तुम्हीच बाजूला व्हा, ती होत नाही. थंडी सरत आली होती, म्हणजे वालाचे दिवस. बाजारात बायका शेणाने सारवलेल्या टोपल्यांत वाल घेऊन बसल्या होत्या. इजिप्तकरांनी एका मावशीपुढे फोन धरून बाकल्याचा फोटो दाखवला.

मावशीने फोन लांब धरला, जवळ धरला. "वालच हाय."

"वाल नाही हो. मोठा असतो. अंगठ्याएवढा."

"मंग त्याला दूध पाजत असतील," मावशी म्हणाली आणि शेजारणीला फोटो दाखवून दोघी इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना.

रिकाम्या हाताने उठणं बरं दिसेना, म्हणून मी दोन पायली वाल घेतले. हे गाडीत फुगून बसले. खानवेलला गेलात तर वाल नक्की घ्या, आणि बाजारालगत गरम भजी मिळतात तीही. आम्ही खाल्ली. इजिप्तकरांनीही खाल्ली, उसासा न टाकता. येताना खेरडीत शेतावर एका ओळखीच्यांकडे विचारलं, त्यांनी तुरीच्या शेंगा दिल्या. भूगोलाच्या दृष्टीने आम्ही इजिप्तपासून लांबच चाललो होतो.

रविवारी दादरा. इथे पाहुण्यांना एक गंमत सांगावी लागते. दादरा आणि नगर हवेली असं एका दमात म्हणतात खरं, पण दोघांच्या मध्ये गुजरात आहे. म्हणजे आपल्याच घरातल्या एका खोलीतून दुसरीत जायला शेजाऱ्याच्या ओट्यावरून जायचं. लोक दादऱ्याला वनगंगा तलावाच्या बागेत जातात, पुलावर फोटो काढतात, होडीत बसतात. आम्ही बागेला वळसा घालून कारखान्यांच्या मागे गेलो, कारण यांच्या खात्यातल्या एका बिहारी फिटरने सांगितलं होतं की तिकडे त्याच्या गाववाल्याचं किराणा दुकान आहे.

दुकान म्हणजे पत्र्याची खोली. सत्तू, मोहरीचं तेल, चुडा म्हणजे त्यांचे पोहे. यांनी फोन काढायच्या आत मी विचारलं, "भैया, बाकला है?"

"है ना," तो म्हणाला. जणू मी मीठ मागितलं होतं. "गाँव से आता है. घुघनी बनाते हैं. कितना दूँ?"

उरला होता तेवढा सगळा घेतला. तपकिरी, चपटे, खरंच अंगठ्याच्या पेराएवढे दाणे. हे तिथेच उभे राहून मूठ नाकाला लावून वास घेत होते. दुकानदार माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "साहब की तबियत ठीक है?"

परतीच्या वाटेवर गुजरातच्या हद्दीत तपासणी लागली. तिकडे दारूबंदी, आमच्याकडे नाही, त्यामुळे आमच्या बाजूने येणाऱ्या गाडीची डिकी बघतात. आता आमच्या डिकीत काय, तर यांनी इजिप्तहून आणलेलं ते अरुंद तोंडाचं भांडं. दाणे त्यात किती मावतात ते दुकानातच बघायचा यांचा हट्ट. वर टॉवेलात गुंडाळलेलं. हवालदाराचा चेहरा एकदम खुलला.

"शुं छे आमां?"

"बाकला," हे म्हणाले.

त्याने वास घेतला. हलवून बघितलं. "क्याँथी लाव्या?"

"बाकला बिहार का है," हे प्रामाणिकपणे म्हणाले, "बर्तन इजिप्त का."

हवालदाराने एकदा भांड्याकडे, एकदा यांच्याकडे आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. "जाओ, काका, जाओ." साऱ्या गुजरातेतून लोक आमच्याकडे बाटलीसाठी येतात, आणि आम्ही पकडले गेलो ते कडधान्यासकट!

रात्री यांनी स्वतःच्या हाताने दाणे पातेल्यात भिजत घातले. सोमवारी दुपारी जाऊन हानीला मुंबईच्या विमानतळावरून आणायचं, आलं की भांडं मंद आचेवर चढवायचं, असा बेत. मीही निघाले, ब्लॉगला तेवढाच मजकूर. हायवेबद्दल काय लिहू? वापीपासून दहिसरपर्यंत ट्रक आहेत. चारोटीला थांबून वडापाव खा आणि नशिबावर हवाला ठेवा. विमान उशिरा आलं, सामान त्याहून उशिरा. रात्री माझ्या बहिणीकडे बोरिवलीला मुक्काम करावा लागला. हानी उंच, टकलू, लाजाळू माणूस. विमानतळावर दोघे एकमेकांना मिठी मारून उभे राहिले ते मागच्या माणसाची ट्रॉली यांच्या टाचेला लागेपर्यंत.

मंगळवारी दुपारी त्याला गेस्ट हाउसवर सोडून घरी आलो. पातेलं रिकामं, धुऊन पालथं घातलेलं. आणि सासूबाई हॉलमध्ये मालिका बघत बसलेल्या, मांडीवर परात.

माझ्या सासूबाई केळवे-माहीमकडच्या. त्या बाजूच्या बाईला भिजलेलं कडधान्य दिसलं की तिचे हात गप्प राहत नाहीत. निथळायचं, फडक्यात बांधायचं, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. बिरडं. हा त्यांच्याकडे पदार्थ नाही, वळण आहे. त्यांनी दाणे आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात करकचून बांधून डब्यात दडपून ठेवले होते. मोड फुटले होते, आणि अर्धे अधिक सोलूनही झाले होते.

"आई!" इजिप्तकर ओरडले. "अगं हे काय केलंस!"

"भिजत घालून निघून गेलात. आंबलं असतं ना," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "किती जाड साल, बाई! नखं दुखली माझी. पण मोड बघ कसे आलेत."

"ते बिरडं नाही! ते सालासकट करायचं असतं! मोड नसतात त्याला!"

"मोड नसतात?" सासूबाईंना त्या देशाची दया आली असावी.

हे मटकन खुर्चीवर बसले. दादऱ्याच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, माल आता होळीला गावाहून येईल. मग म्हणाले, "राहू दे. त्याला हॉटेलात इडली खायला नेतो." आवाज इतका पडला होता की मला थट्टा सुचेना. मला कळलं की या माणसाला फुल नको होतं. त्या बाईंना एकदा नमस्कार करायचा होता, आणि तोही राहणार होता.

मी म्हटलं, "अहो, उठा. इडली नाही न् फिडली नाही. हेच शिजवू. लसूण सोला."

सासूबाईंचा आग्रह होता नारळाच्या दुधाचा, आमसुलाचा, गुळाचा. यांचा आग्रह जिरं-लिंबाचा. मी यांचं ऐकलं, कारण रडवेला माणूस तेच होता. सोललेले, न सोललेले, मोडासकट सगळे त्या इजिप्शियन भांड्यात गेले. सकाळी झाकण काढलं तर मोडाच्या दाण्यांचा पार गाळ झाला होता आणि रस्सा सुटला होता. यांनी एकदा आत बघितलं आणि झाकण परत ठेवलं.

हानी आला. आम्ही भाकरी केल्या होत्या, त्यातल्या त्यात तिकडच्या रोटीसारख्या. हे भांडं उघडायच्या आधीच माफी मागायला लागले. आईने असं केलं, दुकानात माल नाही, हे खरं फुल नाही, वगैरे. हानी नुसता मान हलवत होता. मी वाडग्यात वाढलं. त्याने वास घेतला, एक घास खाल्ला आणि थांबला. दुसरा खाल्ला नाही. यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता संपलंच सगळं.

मग हानीने वाडगा दोन्ही हातांत धरला. "फुल नाबित," तो म्हणाला. मोडाचं फुल. त्याची आई दाणे ओल्या कापडात बांधून खिडकीत ठेवायची, मोड आले की सोलून असाच रस्सा करायची. घरात कोणी आजारी पडलं की, फक्त तेव्हाच. ती गेल्यावर घरात कोणी केलंच नाही.

"पण मी दोन वर्षं तिथे होतो," हे म्हणाले. "मी कधी बघितलं नाही."

"तू कधी आजारी पडला नाहीस," हानी म्हणाला. "ती पडू देत नव्हती."

हे उठून बेसिनकडे गेले आणि नळ सोडला. या वेळी मी मागे गेले, आणि नळ बंद केला.

सासूबाईंना हे सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी हानीला नीट न्याहाळलं. "म्हणजे कोणीतरी चांगल्या घरची होती," म्हणाल्या, आणि त्याच्या वाडग्यात न विचारता गुळाचा खडा टाकला. हे 'आई!' म्हणून ओरडले. हानीने तोही खाल्ला. तीनदा घेतलं त्याने.

तो निघाला तेव्हा सासूबाईंनी खानवेलचे वाल भिजवून, त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधून त्याच्या हातात पुरचुंडी दिली. "घरी पोचेपर्यंत मोड येतील." यांनी कस्टमचे नियम सांगायला सुरुवात केली. हानीने पुरचुंडी बॅगेत तळाशी ठेवली आणि सासूबाईंच्या पाया पडला. कसं पडतात ते त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे गुडघ्यांवरच बसला.

आता कोणी विचारेल, या सहलीतून काय उरलं? पोह्यांवरचा उसासा थांबला, हे एक. परवा माझा घसा धरला तर हे सकाळी उठून मुगाला मोड आणायला लागले, हे दुसरं. मूग सडले, ते मी गुपचूप टाकून दिले. आणि काल हानीचा फोटो आला. कस्टमने वाल काढून घेतले म्हणे, पण फडकं ठेवू दिलं. त्याने ते धुऊन आईच्या खिडकीत वाळत घातलंय. मागे समुद्र दिसतो.

सासूबाईंनी फोटो मोठा करून बघितला. समुद्राकडे लक्षच नाही. "झटकून नाही घातलं. सुरकुत्या पडल्यात," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण खिडकी चांगली आहे. ऊन येत असेल."

तर आमच्या घरातून आजवर इजिप्तला दोघे जाऊन राहिले, एक नवरा आणि एक लुगड्याचा तुकडा. प्रवासवर्णनं मात्र मी लिहिते, आणि मी अजून मुंबई विमानतळाच्या दारापुढे गेलेली नाही.