हळद्याचा फोटो

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. काल संध्याकाळच्या वादळात आमच्या चंद्रपूरची बरीच झाडं आडवी झाली. अशा वादळानंतर कधी कधी भलतेच पक्षी दिसतात, म्हणून मी आणि माझे शेजारी सुधाकरभाऊ दुर्बीण, कॅमेरा घेऊन बागेत गेलो.

दिसले कावळे, साळुंक्या आणि एक भिजलेला भारद्वाज. भाऊ कंटाळले. "थांब, हळद्याले बोलवतो," म्हणाले आणि मोबाइलवर हळद्याची, त्या पिवळ्याजर्द पक्ष्याची, शीळ लावली.

आम्ही पक्षी पाहणारे असं करतो. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो हाकलायला येतो आणि आपल्याला फोटो मिळतो.

आज तो लगेच आला. भाऊंच्या डोक्यावरून दोनदा झेपावला आणि अगदी जवळच्या मोडक्या फांदीवर बसून ओरडायला लागला.

"काऊन एवढा चिडून राह्यला?" भाऊ म्हणाले. मी फोटो काढत होतो.

बागेत झाडलोट करणाऱ्या ताराबाई आमच्या मागेच वादळात पडलेल्या फांद्या गोळा करत होत्या. त्यांनी कडुनिंबाची एक फांदी आमच्यापुढे धरली. तिच्या बेचक्यात वाटीसारखं विणलेलं घरटं होतं. आत अंडी फुटलेली.

"भाऊ, हे तुमच्या कामाचं हाय का? नाईतर फेकून देतो."

भाऊंनी शीळ बंद केली. हळद्या तिथून हलला नाही.

फोटो आजवरचा सगळ्यात चांगला आलाय, पीसन् पीस दिसतंय. अजून कुठे टाकला नाही. तुम्ही टाकला असता?