‘य’च्या डोक्यावरची टोपी

आनंदरावांचा फोन आला तेव्हा मी एका क्लायंटच्या ऑफिसात बसून, जाहिरातीत पणत्या तीन असाव्यात की पाच, यावर चाललेला वाद ऐकत होते. आनंदराव म्हणजे आमच्या सुजाताताईचे यजमान, जुरोंग आयलंडवर, म्हणजे इथल्या रिफायनऱ्यांच्या बेटावर, इंजिनिअर. कामाच्या वेळेत त्यांचा फोन कधी म्हणून यायचा नाही, त्यामुळे नाव दिसल्याबरोबर मी उठून बाहेर आले. ‘गेली,’ एवढंच म्हणाले. मी जिन्यात जाऊन बसले आणि मनसोक्त रडले. क्लायंटची एक चिनी मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली, काही न विचारता शेजारी बसली. आता दीड महिना होत आला. रडू थांबलंय, पण ऑफिसात कुणी मोठ्यानं मराठी बोलल्याचा भास झाला की मान आपोआप त्या बाजूला वळते... आणि ऑफिसात मराठी बोलणारी आता मी एकटीच.

शेवटची भेट हॉस्पिटलात झाली. ताई पार वाळली होती, पण जीभ शाबूत. मी डबा उघडत होते, तर तिनं पहिलं काय विचारावं? पुढच्या महिन्यातल्या मराठी जाहिराती कोण वाचणार? आमची कंपनी बुकित बातोकच्या औद्योगिक वसाहतीत आहे. इतरांनी तयार केलेल्या जाहिराती आम्ही कागदासाठी, बसस्टॉपसाठी, फोनसाठी पक्क्या करून देतो. ताई तिथली प्रूफ विभागाची प्रमुख, म्हणजे जाहिरात बाहेर पडण्याआधी शेवटची वाचणारी. तिला एकच अधिकार होता, काम थांबवण्याचा, आणि तो ती बिनदिक्कत वापरायची. आमचे बॉस मिस्टर लिम यांच्या मनात होतं, की मराठीची कामं ती किती, एवढ्यासाठी माणूस कशाला, सॉफ्टवेअर तपासेल. हे ताईच्या कानावर गेलं होतं. माझा हात धरून ती म्हणाली, ‘‘माझ्यामागं थांबवन कोण?’’

मी म्हटलं, आधी बरी हो, मग बघू. त्यावर एखाद्या गचाळ प्रूफाकडं बघावं तशी ती माझ्याकडं बघत राहिली. आपण मरणार याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं, निदान दाखवत तरी नव्हती. आपल्या पश्चात चुकीचं मराठी खुशाल बसस्टॉपवर झळकेल आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नसेल, हे मात्र तिला खात होतं.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी पुण्याची, क्लायंट सांभाळणारी, सदा घाईत. ती नागपूरची, आठ-नऊ वर्षांनी मोठी, आणि घाई हा शब्द तिच्या गावीच नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या टेबलाशी जाऊन, माझी जाहिरात अजून का अडकलीय म्हणून तणतणले. तिनं मान वर न करता विचारलं, ‘काय करून राहिली तू इथं? बस ना जी जरा.’ आणि मला समोर बसवून माझीच जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली. ‘सर्व मराठी बांधवांनी आपल्या कुटुंबासह अगत्यानं येणे’ असं सुरू झालेलं वाक्य पुढं कुठं संपलंच नव्हतं! मी बघतच राहिले. पुढं तिनं मला ‘पुणेकरीण’ हे नाव ठेवलं ते कायमचं. तुमचं मराठी छापायले बरं, बोलायले नाही, असं हॉकर सेंटरच्या खाऊ-ठेल्यांवर थोसाय, म्हणजे आपला डोसा, खाताना ती चारचौघांत सांगायची. मीही काही कमी नव्हते. ताई, तुझं बोलायला बरं, पण छापायला काढलंस तर मिस्टर लिमना दुसरी कंपनी उघडावी लागेल, असं म्हटलं की ती ठसका लागेपर्यंत हसायची.

तिचा एक हेका होता. वाचणारा जिथं वाचणार, तिथंच तपासायचं. कागदावरची जाहिरात कागदावर, फोनवरची फोनवर. पडद्यावर ठीक दिसतंय ना, मग कागदावरही दिसेल, ही आम्हा सगळ्यांची भाषा तिला मान्य नव्हती. राहायला ती पासिर रिसला, म्हणजे या बेटाएवढ्या देशाच्या दुसऱ्या टोकाला. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, तिथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा हमखास. ती एवढा लांबचा प्रवास मांडीवर फोन ठेवून, आमच्याच जाहिराती चिमटीनं मोठ्या-छोट्या करत करायची. हलत्या गाडीत वाचता आली नाही तर ती जाहिरात कसली, असं तिचं म्हणणं.

याच हेक्यापायी सह्याद्री वाचला. झालं असं, की आपल्याकडच्या एका पर्यटनवाल्यानं इथल्या मराठी लोकांसाठी जाहिरात केली होती. ‘सह्याद्रीच्या दऱ्यांत चार दिवस.’ वर्तमानपत्रातलं प्रूफ ताईनं पास केलं, सुरेख आलं होतं. फोनवरची जाहिरात दुसऱ्या टीमनं केली. मजकूर तोच, चित्र तेच, म्हणून ती पुन्हा वाचायची गरज कुणालाच वाटली नाही. ताईनं अर्थात वाचली. आणि संपूर्ण मजला ऐकेल अशा आवाजात म्हणाली, ‘‘बाप्पा! सह्याद्री बुडवला तुम्ही.’’ मी धावत गेले. बघते तर ‘दऱ्यांत’चं ‘दर्यांत’ झालेलं! ‘य’ला डावीकडून टेकलेला तो अर्धा ‘र’ उडी मारून डोक्यावर रफार होऊन बसला होता. दऱ्यांचा दर्या झाला होता. डोंगर-कपारीत जायला निघालेला माणूस थेट समुद्रात! मला हसू आवरेना, ताईला मात्र अजिबात हसू येत नव्हतं.

कारण साधं होतं. तो ‘र’ नीट काढणारा फॉन्ट आम्ही घेतला होता, पण फॉन्ट घेतला म्हणजे तो आपला होत नाही, वापरायचा परवाना तेवढा मिळतो. आमचा परवाना कागदापुरता होता. फोनच्या टीमकडं तो फॉन्ट नव्हता, म्हणून मशीननं आपल्या मनानं दुसरा घातला, आणि त्या दुसऱ्याला आपल्या ‘र’चं काही पडलेलं नव्हतं. मिस्टर लिम म्हणाले, मग त्यात काय, फाइल इकडून तिकडं कॉपी करा, कुणाला कळणार आहे? क्लायंट माझ्या डोक्यावर बसला होता, त्यामुळे मलाही ते पटलं होतं. ताईनं हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘ज्यानं हा र घडवला त्याले माहीत पडन ना,’’ ती आधी मला म्हणाली, आणि मग मिस्टर लिमना इंग्रजीत शांतपणे समजावून सांगितलं. मोठमोठ्या कंपन्या आपल्या भाषेचा एक ‘र’ काढायचे कष्ट घेत नाहीत. कुणीतरी एक माणूस कुठंतरी बसून, डोळे फोडून तो काढतो. त्याच्याच घरातून उचलून आणला, तर उद्या तो का काढेल? आणि त्यानं नाही काढला, तर मी काय तपासू? तिनं काम थांबवलं ते थांबवलंच. क्लायंटची बोलणी मी खाल्ली. फोनचा रीतसर परवाना आला, मग जाहिरात गेली. ‘सह्याद्रीच्या दऱ्यांत’. फॉन्ट करणाऱ्या गृहस्थांनी ताईला उलट लिहिलं, की या एका अक्षरासाठी परवाना मागणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं. ते तिनं मला चार वेळा वाचून दाखवलं, लहान मुलीसारखी खूश होऊन.

आजार कळल्यावर तिनं एक गंमत केली. शेजारच्या टेबलावरच्या वेई लिंगला हाताशी धरलं. वेई लिंग इथलीच, चिनी, देवनागरीतलं एक अक्षर तिला येत नाही. भाषा शिकवायला वेळ नव्हता, म्हणून ताईनं तिला फक्त ‘य’ ओळखायला शिकवला. या अक्षराच्या डोक्यावर टोपी दिसली की काम थांबव आणि मला बोलाव, बस्स, एवढंच. मी ताईला म्हटलंही, अगं, अशानं ती ‘कार्यक्रम’सुद्धा अडवेल, ‘आचार्य’सुद्धा अडवेल. तिथं रफाराची टोपी हवीच की! ताई म्हणाली, अडवू दे. आधी अडवायची सवय लागू दे, अक्कल मागून येते.

ती गेल्यावर पासिर रिसच्या फ्लॅटवर आम्ही जमलो. त्रिसरण-पंचशील झालं, वेई लिंगही पांढरा ब्लाउज घालून आमच्यात हात जोडून बसली होती. मिस्टर लिम दाराशी उभे राहिले, आत यायला संकोचत होते. निघताना त्यांनी मला विचारलं, की मराठीचं पुढं काय करायचं. मी म्हटलं, बघू नंतर. खरं सांगायचं तर, त्या दिवशी मला मराठीचं काहीच करायचं नव्हतं.

आणि मग परवा फोन आला. मी शहरात क्लायंटकडं. वेई लिंग घाबऱ्या आवाजात म्हणत होती, टोपी आहे, मी थांबवलंय, सुजाता नाही तर कुणाला बोलावू? सॉफ्टवेअरनं तर सगळं बरोबर म्हणून सांगितलंय, मिस्टर लिम इथंच उभे आहेत, तू ये ना, प्लीज. मी हातातलं सगळं टाकून एमआरटी पकडली. पोचले तर प्रूफच्या टेबलाभोवती चौघं-पाचजण, मशीन बंद, आणि वेई लिंग त्या कागदावर हात पालथा ठेवून उभी, कुणी पळवून नेईल की काय अशी. पासिर रिसच्या योगवर्गाची जाहिरात होती. तिनं बोट ठेवलं ते ‘सूर्यनमस्कार’वर.

टोपी अगदी जागच्या जागी होती. मी तरी सगळी जाहिरात वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचली, सगळं ठीक होतं. वेई लिंगचा चेहरा पडला. उगाच थांबवलं ना मी, म्हणाली. मी मिस्टर लिमकडं पाहिलं, आता ते सॉफ्टवेअरचं काढणार अशा तयारीनं. ते चष्मा पुसत म्हणाले, उगाच तर उगाच. सॉफ्टवेअर कधी संशयसुद्धा घेत नाही. यापुढं मराठी बाहेर जाण्याआधी वेई लिंग थांबवेल आणि तू वाचशील. मग लगेच विचारलं, हा फॉन्ट फोनवर चालेल ना, परवाना आहे ना? मी ‘आहे’ म्हणून मान हलवली. वेई लिंग मात्र तिथंच उभी राहून मला विचारत होती, की मग या ‘य’ला टोपी चालते आणि त्या ‘य’ला का नाही? मी खुर्ची ओढली, तिला समोर बसवलं. ताई, थांबवतायत गं. चुकीच्या जागी थांबवतायत, पण थांबवतायत.