देवरावभाऊंचा ळ

मारेगावात पंचायत समितीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान, त्याला लागून देवरावभाऊंचं टायपिंगचं. मधे फक्त पत्रा. तेव्हा भाऊंबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

भाऊ मूळचे पेंटर. जिनिंगच्या गेटपासून बुद्धविहाराच्या कमानीपर्यंत तालुक्यातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि हे तुम्ही विचारलं नाहीत तरी ते सांगणारच. कापसाची वाईट वर्षं आली, दुकानदार जुन्याच पाट्या पुसून चालवू लागले, तसा भाऊंनी ब्रश ठेवला आणि कॉम्प्युटर घेतला. तोरा मात्र पेंटरचाच राहिला.

त्या काळी मराठी टायपिंगची तऱ्हाच न्यारी होती. दर कंपनीचा फॉन्ट वेगळा. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली, की शाईत पाय बुडवून कोंबडी नाचून गेल्यासारखी दिसायची. त्यात बोंडअळीच्या तक्रारींचा पूर आलेला. कचेरीनं फतवा काढला, की तक्रार फ्लॉपीवर द्या, सोबत छापील प्रत जोडा, आणि फाइल पुण्याच्या अमुक कंपनीच्या फॉन्टप्रमाणेच हवी. त्या फॉन्टचं लायसन भलतं महाग. आता अळी का फॉन्ट बघून कापूस खाते? पण कचेरीला कोण सांगणार!

भाऊ तर चिडलेच. "मी अक्षर इकत घेऊ? मी?" कुठल्याशा मासिकासोबत आलेल्या सीडीत फॉन्ट बनवायचा प्रोग्राम होता. त्यावर त्यांनी स्वतःच्या वळणाची मुळाक्षरं काढली आणि कंपनीचं जे अक्षर ज्या बटणावर, तिथेच आपलं बसवलं. त्यामुळे भाऊंची फाइल कचेरीत बिनतक्रार उघडायची. तिथे ती कंपनीच्या अक्षरांत दिसायची, दुकानातली छापील प्रत भाऊंच्या अक्षरांत निघायची.

फक्त एक घोटाळा झाला. भाऊ अक्षरं काढताना मोठ्यानं म्हणत होते. आमच्याकडे केळीला केयी म्हणतात आणि डोळ्याला डोया. ळची पाळी आली तेव्हा भाऊ म्हणाले, "ह, य..." आणि य तर आधीच काढलेला होता. तोच उचलून ळच्या बटणावर बसवला आणि पुढे गेले.

तेव्हापासून भाऊंच्या दुकानातून निघालेल्या प्रत्येक कागदावर बोंडअयी होती. कोणाला खटकलं नाही, कारण सगळे तसंच बोलायचे आणि तसंच वाचायचे. मला एका लग्नपत्रिकेत 'टियक' दिसला. मी विचारलं, "भाऊ, तुमचा ळ कुठी गेला?"

"माह्या अक्षरात चूक काढून राह्यली? झेरॉक्सवाली?" भाऊ कडाडले, आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ळ काढायला त्यांना दहा मिनिटं पुरली असती. पण काढला, म्हणजे राहिला होता हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

मग पुण्याहून कंपनीचे साहेब आले. भाऊंनी आमचा फॉन्ट चोरला, कॉम्प्युटर जप्त करा, यांच्या फाइली घेऊ नका, अशी तक्रार घेऊनच आले. कचेरीचे अधीक्षक भगवानराव यांनी दोघांना समोर बसवलं. मी कागद द्यायच्या निमित्तानं दाराशी उभी. कॉम्प्युटर गेला तर भाऊंचं दुकान गेलं, हे मला दिसत होतं.

"आमचीच अक्षरं घेऊन थोडी इकडेतिकडे केलीत तुम्ही," साहेब म्हणाले.

"माह्या हातची हायेत," एवढंच भाऊ म्हणाले. सुटकेचा पुरावा त्यांच्याच फॉन्टमध्ये होता, पण तोंड उघडायला तयार नाहीत! मला असा संताप आला म्हणता.

"साहेब, तुमच्या फॉन्टात ळ हाये?" मीच विचारलं.

"अर्थात."

"यायच्यात नाही. चोरला असता तं ळ आला नसता काय संगं?"

भगवानरावांनी भाऊंची प्रत डोळ्यांजवळ नेली. "बोंडअयी," त्यांनी वाचलं आणि खो खो हसत सुटले. दोन वर्षं ते याच प्रतींवर सह्या करत होते. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जप्ती परवडली.

चोरीचा आरोप गळून पडला. पण साहेबही कच्चे नव्हते. बटणांवरची मांडणी आमचीच, ती सोडा, म्हणून अडून बसले. तक्रारी तुंबल्या होत्या, भगवानरावांना मिटवायचं होतं. शेवटी ठरलं, की भाऊंची अक्षरं आज आहेत तशी चालतील, मात्र त्यांत पुढे एकही नवीन अक्षर घालायचं नाही. साहेब गालात हसले. ळ नसलेला टायपिस्ट किती दिवस टिकणार?

ऐकून भाऊंचा चेहरा उतरला. पाट्यांवर ळ असा काढायचे, की माणसं थांबून बघायची. आता ज्याला ळ येत नाही तो पेंटर म्हणून जन्म काढायचा. मी जीभ चावली. मला खरंच रडू आलं.

करार भाऊंनीच टाइप करून आणला. साहेबांनी वाचला आणि त्यांना हसू फुटलं. "अहो, तुमचं आडनाव वाळके ना? इथे वायके झालंय."

"करारात बसते तेवढंच लिवलं," भाऊ म्हणाले. "हातच्या अक्षराबद्दल काही हाये काय याच्यात?"

"हाताचं काय असणार?"

भाऊंनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. देवराव वा पर्यंत अक्षरं रोजच्यासारखी होती. मग ळ आला. पहिली वाटी डावीकडे भरदार उतरली, दुसरी उजवीकडे फिरून समासापर्यंत गेली, आणि के बिचारा कसाबसा मागे उभा राहिला. भगवानराव उठून बघायला आले. कंपनीच्या साहेबांना आपली सही करायला कागद उलटून मागची बाजू घ्यावी लागली.