अण्णांच्या नावावर आईचं रक्त

अण्णांच्या डोक्यात गाठ निघाली, तीही वाईट जातीची. ऑपरेशन झालं, पण ही गाठ परत येतेच, असं बीडच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. माणूस किती काळ तग धरेल याचा थोडाफार अंदाज रक्तावरून लागतो म्हणे. पांढऱ्या पेशींतली एक जात वाढली आणि दुसरी घटली, तर लक्षण बरं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावचे माजी सरपंच. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजी सध्या बहुमत कुणाचं हाय?" डॉक्टर हसले. मला रडूही आलं आणि रागही आला.

केमोच्या प्रत्येक डोसाआधी रक्त तपासायचं. मागच्या खेपेला रिपोर्ट खराब आला आणि डोस लांबला. तेव्हापासून आईने धसका घेतला. डोस चुकला की माणूस हातचा गेला, असं तिचं सरळ गणित.

पुढच्या खेपेला मांजरसुंब्याच्या लॅबमधून रक्त न्यायला नवाच माणूस घरी आला. अण्णा तेव्हा पारावर बसून ग्रामपंचायतीचं पॅनल जुळवत होते. गाठीने डोकं पोखरलं, पण राजकारण शाबूत होतं. मी आत चहा टाकत होते, बाहेर काय घडलं ते मला नंतर कळलं. "पेशंट कोण?" त्याने विचारलं. आई पदर सावरून खाटेवर बसली आणि म्हणाली, "मीच की." कागदावर पुरुषाचं नाव आहे, हे त्या शहाण्याने पाहिलंच नाही. नळी भरली, चहा प्यायला आणि गेला.

रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं बीडला गेलो. आई गाडीत भलतीच खुशीत होती. डॉक्टरांनी कागद पाहिला, अण्णांकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"हिमोग्लोबिन एवढं कमी? तुम्ही चालत आलात कसे? डोस देता येणार नाही."

अण्णा डिपॉझिट जप्त झाल्यासारखे मटकन खाली बसले. तेव्हा कुठे आईला कंठ फुटला. "सायेब, ते रक्त ह्यांचं न्हाई. माझं हाय."

"कावून दिलंस?" अण्णा ओरडले.

"मी जन्मात कदी तापानं पडले न्हाई. वाटलं, माझं चांगलं निघंल. आन् एकाच चुलीचं खातो की आपण, रक्त काय येगळं असतंय?"

डॉक्टरांनी तिला फैलावर घेतलं. खोट्या रिपोर्टवर औषध दिलं असतं तर अण्णांच्या जिवावर बेतलं असतं. मीही तिथेच तोंड सोडलं. मग अण्णांचं रक्त काढलं. दुपारी रिपोर्ट आला, डोस देण्याइतका चांगला. माझ्या जिवात जीव आला.

"यांचं जमलं," डॉक्टर म्हणाले, "पण बाई, तुम्ही जेवता का नीट?"

"जेवते की," आई म्हणाली. "समद्यांचं झाल्यावर, जे उरंल ते."

स्वतःच्या गाठीचं ऐकताना अण्णांचा आवाज हलला नव्हता. आता हलला. "सायेब, माझं ऱ्हाऊ द्या. ही किती दिवस हाय, ते सांगा."

रक्तवाढीच्या गोळ्या घेतल्या आणि पोटभर जेवल्या तर बाईंना काही होत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. अण्णांना ते पटलं नाही. ते आईला घेऊन तडक समोरच्या खानावळीत गेले आणि एकच ताट मागवलं. नवरा उपाशी बसलेला, आणि आपण आधी जेवायचं? आईचा हात ताटाकडे जाईना.

"तू जेवल्याबिगर मी डोस घेणार न्हाई," अण्णा म्हणाले.

मग मात्र तिने मुकाट भाकरी मोडली.