कमलताईच्या फोनला लागलेला माझा अंगठा

आमच्या दाराला लिंबू-मिरची कधी बांधली नाही. मिरची खायची असते, टांगायची नाही, असं म्हणणारी मी बाई. भुताखेताचं कोणी काढलं की मी चहा ठेवायला उठते. पण हे माझ्याच हातून झालं... आता उठून कुठे जाऊ?

मी नागपूरला सक्करदऱ्यात राहते. मोठी बहीण कमल, ती भिवापूरला. लहानपणी दोघी मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, देठ खुडायला जायचो, त्यात बोटांच्या रेषा गेल्या त्या गेल्याच. रेशनच्या मशीनवर माझा अंगठा चारदा पुसून लावावा लागतो. माझा स्वतःचा फोनही त्याला ओळखत नाही — नातीने नाद सोडला.

कमलताई चार वर्षं माझ्याशी बोलली नाही. तिच्या राजूच्या लग्नाची पत्रिकाच मला आली नाही. याद्या तिनेच केलेल्या. काहून असं केलं, ते राजूलाही ठाऊक नाही. यंदा ती गेली. तेरवीनंतर राजू तिचा फोन घेऊन माझ्याकडे आला.

"मावशी, दवाखान्यात आई तुह्यासाठी काहीतरी रेकॉर्ड करून राहिली होती. मले बाहेर बसवलं."

पण फोन उघडायचा पॅटर्न कोणालाच माहीत नाही. मोबाईलवाला म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो बंद पडलेला फोन चार्ज करून चालू केला. काचेवर डाग होता, पदराने पुसत होते, अंगठा टेकला... आणि फोन उघडला. समोर रेकॉर्डिंगची पट्टी. दाबली.

"मुक्ते, आयक वं. तुले पत्रिका काहून नाही धाडली, ते सांगतो. पण हासू नको मले..."

सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिलाही ऐकवावं म्हणून मी — पूर्वी टेप थांबवायचो ना, तसं — बाजूचं बटण दाबलं. झालं. काच काळी. मग अंगठा ओला करून, कोरडा करून, दहाही बोटं लावून पाहिली. ते पॅटर्नच मागत राहिलं.

मोबाईलवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, बंद पडलेला फोन चालू केला की आधी पॅटर्नच लागतो, तेव्हा ताईंचं बोटही चाललं नसतं, तुमचं कसं चालेल? डुलकी लागली असेल, मावशी. मी भांडले नाही. भांडून काय सिद्ध करू?

संध्याकाळी राजूला फोनवर सगळं सांगितलं. कारण काय सांगितलं, हे विचारेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते.

"मावशी... बोलताना तिले दम लागत होता का?"

नाही रे, म्हटलं, चांगला खणखणीत आवाज होता. तेवढंच मला सांगता आलं.