सही नसलेला पत्रा

बाजारात तिला सगळे पत्रेवाली म्हणत. डबे, नरसाळी, पन्हळी, काय हवं ते ती ठोकून द्यायची. नवरा चित्रकार होता. ती पत्रे कापून कडा दुमडून द्यायची आणि तो ते जमिनीवर पसरून डब्यातला रंग काठीने वरून ठिबकवत फिरायचा. थोरल्या दिराला हे थेर वाटायचे. त्याने दोघांना घराबाहेर काढलं, मागे राहिलेले पत्रे भंगारात घातले. भाऊ गेला तेव्हा मातीलाही आला नाही.

सात वर्षांनी तो दुकानाच्या दारात उभा राहिला. भावाने रंगवलेला एक पत्रा घराच्या माळ्यावर सापडला होता, लिलावात निघणार होता. सही नव्हती, म्हणून लिलाववाल्यांना ओळख पटवणारं माणूस हवं होतं.

"तुझ्या शब्दावर अडलंय," तो म्हणाला.

"अडला हरी," ती म्हणाली. "पुढचं तुम्हाला ठाऊक आहे."

तरी ती गेली. लिलावघरातल्या बाईंनी कापड काढलं. काळ्या-निळ्या ओघळांवरून एक पांढरी धार आडवी गेली होती. तिने पत्रा उलटा करायला लावला. डावी कड दोनदा दुमडलेली होती. तो पत्रा कापताना तिचीच कात्री वाकडी गेली होती. धार सोडताना नवऱ्याचा हात थरथरत होता, म्हणून डबा तिनेच धरला होता.

दीर आतापासूनच हसत होता.

"हे ह्यांचं नाही," ती म्हणाली.

"नीट बघ. खोटं बोलू नकोस."

"मग तुम्ही सांगा, ह्यांचं कसं असायचं. एक तरी कधी धड पाहिलंत?"

बाईंनी यादीतून पत्रा वगळला. जिन्यात दिराने तिला अडवलं. "तुझं वाटोळं होईल."

"ते तुम्ही केव्हाच केलंत. सरका."

घरी लेकीला तिने सगळं खरं सांगितलं. लेक पांढरीफटक पडली.

"बाबांचं तेवढं एकच उरलं होतं, आई. लोकांनी पाहिलं असतं."

"त्या माणसाच्या हातून नको."

"म्हणून बाबांनाच नाकारलंस?"

लेक उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी पत्रेवाली दुकानात नेहमीसारखी ठोकत बसली. स्वतःच्या तोंडून गेलेला तो 'नाही' तिला सलत होता, आणि दिरावरचा राग मात्र तसूभरही उतरला नव्हता.